बॅक, वायडी आणि निकालानंतरचा पहिला आठवडा

वाचकांचे प्रश्न : शिक्षण

सत्राचे निकाल लागले आणि या सदराकडे पत्रांचा ढीग आला. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उत्तरं प्रामुख्यानं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांना धरून आहेत. फर्ग्युसनसारख्या स्वायत्त कॉलेजांचे आणि 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेल्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेचे नियम त्यांचे त्यांचे असतात. तिथल्या मुलांनी आपल्याच कॉलेजची नियमपुस्तिका उघडावी, शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचं ऐकू नये.

मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन्ही सत्रं मिळून पाच विषय राहिले. तो म्हणतो, 'एटीकेटी आहे, काळजी करू नका.' शेजारी म्हणतात, 'वायडी लागणार.' खरं काय? (एक वडील, हडपसर)

दोघंही अंदाजानं बोलताहेत. विषय मोजू नका, क्रेडिट मोजा. क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं वजन, विषय सुटला की ते पदरात पडतं. एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्षात बसायची परवानगी. वायडी म्हणजे इयर डाऊन: आहे त्याच वर्षात थांबायचं आणि राहिलेले विषय सोडवायचे. या दोहोंमधली रेषा क्रेडिटवर आखलेली असते. 2019 च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे 44 क्रेडिट होते आणि दुसऱ्या वर्षात जायला त्यातले निम्मे, म्हणजे 22, पदरात असावे लागत. मुलगा 2024 च्या नव्या अभ्यासक्रमात असेल तर त्यातले आकडे कॉलेजात विचारून घ्या.

आता 44 आणि 22 धरून हिशेब मांडू. समजा राहिलेल्या पाचांपैकी तीन पेपर 3 क्रेडिटचे आणि दोन 4 क्रेडिटचे आहेत. गेले 17, हातात 27. मुलगा दुसऱ्या वर्षात जातो. पण याच मुलाचे 3 क्रेडिटचे आणखी दोन पेपर राहिले असते तर हातात उरले असते 21, आणि एका क्रेडिटसाठी वर्ष गेलं असतं. म्हणून आधी गुणपत्रिकेवरच्या क्रेडिटच्या रकान्याची बेरीज पेन्सिलीनं करा. प्रॅक्टिकल, टर्मवर्क आणि ट्युटोरियलचे क्रेडिट बऱ्याचदा वेगळे धरलेले असतात. थिअरीत नापास झालेल्या विषयाचं प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट मिळालेलं असू शकतं. तसंच उलटही होतं: सबमिशन वेळेत न दिल्यामुळे टर्मवर्कचं क्रेडिट गेलेलं असतं आणि घरी कुणाला पत्ताच नसतो. रेषेच्या अगदी जवळ असलेल्या मुलाचं वर्ष अशा एका फायलीपायी जातं.

खरी अडचण मात्र पुढच्या वर्षी येते, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. तिसऱ्या वर्षात जायचं तर दुसऱ्या वर्षाचे निम्मे क्रेडिट पुरत नाहीत, पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं. चौथ्या वर्षासाठी तसंच दुसरं वर्ष पूर्ण लागतं. म्हणजे तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षात सगळ्या विषयांत पास झाला आणि पहिल्या वर्षाचं गणित तेवढं राहिलं, तरी तिसऱ्या वर्षाचं दार बंद. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वायडी लागलेल्या कितीतरी मुलांची गोष्ट हीच असते: नवे विषय सुटतात, जुनं एम-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, अडकतं. कारण साधं आहे. दुसऱ्या वर्षात रोजची लेक्चर्स, प्रॅक्टिकल आणि सबमिशन नव्या विषयांची असतात, जुन्या विषयाला वेळापत्रकात जागाच नसते. म्हणून आता हाती असलेल्या संधी मोजा. हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा धरून दुसरं वर्ष संपेपर्यंत जुन्या विषयाला साधारण दोनच मिळतात. पाचही विषय पहिल्याच संधीत सोडवायचा हट्ट धरू नका. जास्त क्रेडिटचे आणि पुढच्या विषयांचा पाया असलेले दोन-तीन आधी घ्या, उरलेले दुसऱ्या संधीत. फॉर्म मात्र पाचही विषयांचा भरा. न भरलेल्या विषयाला संधीच नसते.

आणि वायडी लागलीच तर? त्या वर्षी नियमित प्रवेश नसतो, फक्त राहिलेल्या विषयांचे परीक्षा फॉर्म भरायचे असतात. परिणामी बोनाफाईड, पीएमपीएमएल बसचा विद्यार्थी पास आणि हॉस्टेलची खोली या तिन्हींबद्दल कॉलेजच्या कार्यालयात जूनमध्येच विचारून घ्यावं लागतं. ऑगस्टमध्ये खोली रिकामी करायची नोटीस येऊन हातात पेटी घेऊन कोथरूडमध्ये पेईंग गेस्ट शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. आणखी एक धोका अभ्यासक्रम बदलाचा. पहिल्या वर्षाचा 2024 चा नवा अभ्यासक्रम लागू झाला आहे, आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा काही ठरावीक वेळाच होतात. नंतर नव्या अभ्यासक्रमातला समकक्ष विषय द्यावा लागतो, कधी जुन्यात नसलेला एखादा विषयही डोक्यावर येतो. वायडीच्या मुलानं समकक्षतेचा तक्ता कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी घ्यावा. तोंडी उत्तर चालत नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात एका पेपरात चार गुणांनी गेले. पेपर चांगला गेला होता. रिव्हॅल्यूएशनचा फॉर्म भरावा का? मैत्रिणी म्हणतात, पैसे वाया जातात. आणि ग्रेस गुणांचं काय? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, निर्णय ती पाहून घ्या. पुनर्मूल्यांकन आंधळेपणानं करायची गोष्ट नाही. छायाप्रत हातात आली की चार गोष्टी याच क्रमानं तपासा. पहिली, आतल्या पानांवरच्या गुणांची बेरीज पहिल्या पानाच्या चौकटीतल्या आकड्याशी जुळते का. दुसरी, एखादा उपप्रश्न तपासायचाच राहिला आहे का. विशेषतः पुरवणीत किंवा शेवटच्या पानावर लिहिलेला. तिसरी, जोडलेल्या पुरवण्या सगळ्या आल्या आहेत का. चौथी, विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना उत्तरं दाखवा आणि थेट विचारा, 'तुम्ही याला किती दिले असते?' पहिल्या तिन्हींपैकी काही सापडलं तर अर्ज जरूर करा, कारण ती हिशेबाची चूक असते आणि चूक सुधारतेच. फक्त 'मला वाटतं जास्त हवे होते' एवढ्यावर अर्ज केला तर मैत्रिणींचं म्हणणं बहुतेक खरं ठरतं.

तारखा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतात आणि त्या कडक असतात. निकाल लागल्याच्या दिवसापासून कॉलेजचा सूचनाफलक आणि विद्यापीठाचं संकेतस्थळ रोज पाहा. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप गटावर विसंबू नका, तिथे परिपत्रक उशिरा येतं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर पुढच्या परीक्षेचा बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, फॉर्म भरायचं थांबू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल फॉर्मच्या मुदतीनंतर आला आणि त्यातही गुण वाढले नाहीत, तर हातचं सत्र जातं. फॉर्म भरून ठेवा. नंतर पास झालात तर गेलं ते परीक्षा शुल्क, वर्ष नाही. राज्याच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावायचं बंधन आहे, पण स्वतःचं नियोजन त्या आकड्यावर करू नये.

ग्रेसबद्दलही तुम्ही विचारलं आहे. एनएसएस, एनसीसी, विद्यापीठस्तरीय क्रीडा यांसाठीचे वाढीव गुण विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स 163 या नियमाखाली मिळतात. तुमचं नाव अशा पात्र विद्यार्थ्यांच्या यादीत असेल आणि गुणपत्रिकेवर खूण नसेल तर एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. यादी पाठवताना आसन क्रमांक चुकणं ही नेहमीची चूक आहे.

परीक्षा दिली आहे, तरी निकालात 'गैरहजर' दाखवलंय. दुसऱ्या मित्राचा निकाल 'राखीव', म्हणजे रोखून ठेवलेला, आहे. आम्ही नापास धरलो जाणार का? (दोन विद्यार्थी, आकुर्डी)

नाही, पण गप्प बसलात तर व्यवहारात तसंच होईल. गैरहजर असेल तर त्या दिवशीच्या वर्गातल्या हजेरीपटावर तुमची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक असतो. हॉल तिकीट, ब्लॉक क्रमांक, तारीख आणि सत्र लिहून कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांमार्फत अर्ज द्या. थेट गणेशखिंडीत, विद्यापीठात, धाव घेऊन उपयोग नाही, तिथूनही कॉलेजचंच पत्र मागतात. बारकोड किंवा आसन क्रमांक चुकीचा रंगवणं हे या गोंधळाचं नेहमीचं कारण. राखीव निकालाची कारणं बहुधा तीन: पात्रतेची कागदपत्रं अपुरी, अंतर्गत गुण कॉलेजनं पाठवले नाहीत, किंवा फी बाकी. तिन्हींचा शोध कॉलेजच्याच खिडकीवर लागतो. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

मला डेंगी झाला होता. आता डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत, नाव आहे आणि परीक्षेला बसू देणार नाही म्हणतात. (लॉ, पहिलं वर्ष, पाषाण)

बहुतेक अभ्यासक्रमांना हजेरीची अट 75 टक्के आहे. वकिलीसाठी बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत 70 टक्के आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत प्राचार्य ती 65 पर्यंत खाली आणू शकतात. म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं म्हणजे गेलेली हजेरी भरून निघते, हा समज चुकीचा. सर्टिफिकेट फक्त 65 ते 70 मधल्या पट्ट्यात असलेल्याला वर काढतं.

तुम्ही कुठे आहात ते मोजा. समजा एका विषयाची सत्रात 60 लेक्चर्स आहेत. 70 टक्के म्हणजे 42. आतापर्यंत 30 झाली आणि तुम्ही 14 ला होतात, तर उरलेल्या 30 पैकी 28 ला बसावं लागेल. जमण्यासारखं आहे, पण एकही लग्न, एकही ट्रेक नाही. 40 झाली आणि 14 च असतील तर उरलेली वीसही बसलात तरी 34, म्हणजे 57 टक्क्यांच्या खाली. तिथे सूटही लागू पडत नाही. हिशेब विषयवार असतो, आणि 65 ची सूट हवी तर त्याशिवाय सगळ्या विषयांची मिळून हजेरीही 70 टक्के लागते. एका विषयाची 90 टक्के हजेरी दुसऱ्याला उसनी देता येत नाही.

कागद असे द्या: प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल (प्लेटलेटचे आकडे आणि तारखा दिसणारा), दवाखान्यात दाखल होतात तर डिस्चार्ज कार्ड, आणि अर्ज. सत्राच्या शेवटी आणलेल्या सर्टिफिकेटकडे कार्यालयं संशयानं पाहतात आणि ते चूकही नाही. बरे होऊन आलात त्याच आठवड्यात द्यायचं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या नियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक संस्थेत हवी. तिनं 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

मुलगी नापास झाली तर शिष्यवृत्ती आणि कर्जाचं काय होतं? (आई, जुन्नर तालुका)

तीन वेगळ्या दारांवर तीन वेगळी उत्तरं मिळतात.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजनांचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि अर्जाला मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडावी लागते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. पण ही सवलत त्या-त्या वर्षाच्या प्रवेशाला बांधलेली असते. एटीकेटीनं पुढच्या वर्षात गेली तर अर्ज नेहमीसारखा करा, तिथे गाडं सहसा अडत नाही. वर्ष गेलं तर त्या वर्षीचा लाभ थांबतो असं धरून चला आणि तेवढ्या पैशाची तजवीज ठेवा. अनेक पालक 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून अर्ज करायचंच सोडतात आणि गाडी रुळावर आल्यावरही नाव यादीतून गळलेलं राहतं. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून पुन्हा अर्ज कधी करायचा ते लिहून घ्या. समाजकल्याणचं वसतिगृह किंवा (वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणारी) स्वाधार योजना असेल तर अट जास्त कडक आहे. पुण्यात स्वाधारचे वर्षाला 60 हजार रुपये मिळतात आणि त्यासाठी किमान गुणांची अट असते. नुसतं पास होणंही पुरत नाही.

बँकेचं दार त्यामानानं मऊ आहे. शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्यापूर्वी शाखा गुणपत्रिका मागते. वर्ष वाढलं तर लपवू नका. कॉलेजकडून 'अभ्यासक्रम अमुक साली पूर्ण होईल' असं पत्र घेऊन शाखेत जा. बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम लांबला तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची तरतूद आहे. हे पत्र दिलं नाही तर बँकेच्या संगणकात जुनीच तारीख राहते, हप्ते सुरू होतात, ते चुकतात, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं ते सहकर्जदाराचं, म्हणजे तुमचं. केंद्राच्या व्याज अनुदानाचा लाभ घेत असाल (उत्पन्न मर्यादा साडेचार लाख), तर एक गोष्ट आणखी जपा: अभ्यासक्रम मधेच सोडला किंवा अभ्यासातल्या कारणावरून कॉलेजनं काढलं तर ते अनुदान बंद होतं. वैद्यकीय कारण कागदानिशी असेल तरच अपवाद.

बीकॉमचं पहिलं वर्ष झालं, तीन विषय राहिलेत. कंटाळा आलाय. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षावर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं ना? (विद्यार्थी, भोसरी)

येतं, पण तुम्हाला आज नाही. सर्टिफिकेट वर्षात बसल्याचं मिळत नाही, कमावलेल्या क्रेडिटचं मिळतं. पहिल्या वर्षाचे क्रेडिट (आपल्याकडे सत्राला 22, वर्षाला 44) आणि त्यावर 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. तीन विषय राहिले असताना ते पुरे होत नाहीत. म्हणजे बाहेर पडायलाही आधी पासच व्हावं लागतं!

कमावलेले क्रेडिट एबीसीत जमा होतात. पुणेकरांनी याच अद्याक्षरांच्या अप्पा बळवंत चौकात चौकशी करू नये, ही अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. खातं ऑनलाईन असतं आणि अपार क्रमांकाशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाशी, जोडलेलं असतं. खात्यात लॉगिन करून आपले क्रेडिट खरंच चढलेत का ते बघा. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि कॉलेजच्या नोंदीत दुसरं असेल तर ते चढत नाहीत. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्याला तीन वर्षांत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते.

आमचं मत विचाराल तर बीकॉमच्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटला लक्ष्मी रोडवरच्या दुकानात किंवा हिंजवडीच्या कार्यालयात फारसं कुणी विचारत नाही. कंटाळा खरा असेल तर तीन विषय सोडवा, क्रेडिट बँकेत टाका आणि मग जा. कॉलेज सोडताना मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही, यूजीसीनं 2018 मध्येच तसं बजावलं आहे.

एका विषयात नापास असल्यानं सीजीपीए एवढा खाली कसा आला? प्लेसमेंट गेलं का? (विद्यार्थिनी, वाकड)

सीजीपीए म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांकांची क्रेडिटनुसार सरासरी. एफ, म्हणजे नापास, याचा गुणांक शून्य, आणि शून्य सरासरीत धरलं जातं. एका सत्राची सरासरी काढून बघू. 22 क्रेडिटचं सत्र. 18 क्रेडिटमध्ये बी प्लस, म्हणजे 7 गुणांक, आणि 4 क्रेडिटचा एक विषय एफ. 18 गुणिले 7 म्हणजे 126, भागिले 22 : 5.73. तोच विषय अगदी काठावर, पी म्हणजे 4 गुणांकानं सुटला तरी 142 भागिले 22 : 6.45. त्या सत्राच्या सरासरीत जवळजवळ पाऊण अंकाची उडी एका विषयात.

कंपन्यांच्या जाहिरातीत 'लाईव्ह बॅकलॉग नको' आणि 'सलग 60 टक्के' या दोन अटी वेगळ्या आहेत. पहिली अट तुम्ही विषय सोडवून उद्या पूर्ण करू शकता. कॉलेजच्या प्लेसमेंट कार्यालयात निकाल लागल्या दिवशी सुधारित गुणपत्रिका द्या, ते आपणहून नोंद बदलत नाहीत. सुटलेला जुना बॅकलॉग कुठे विचारला तर खरं लिहा, रुजू होताना गुणपत्रिकांची पडताळणी होते. स्पर्धा परीक्षांना किती प्रयत्नांत पास झालात याच्याशी देणंघेणं नाही, मात्र यूपीएससी आणि राज्यसेवेची पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षात देता येत असली तरी मुख्य परीक्षेच्या अर्जावेळी पदवी हातात लागते.

नोकरी करतो. तिसऱ्या वर्षाचा एक पेपर दहा वर्षांपूर्वी राहिला. आता देता येईल? (वाचक, चिंचवड)

यूजीसीची मार्गदर्शक मर्यादा अभ्यासक्रमाची मुदत अधिक दोन वर्षं, अपवादात्मक स्थितीत आणखी एक अशी आहे. तीन वर्षांच्या पदवीला म्हणजे फार तर सहा. (वैद्यकीयला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम वेगळे: एमबीबीएसचं पहिलं वर्ष चार प्रयत्नांत आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत.) विद्यापीठं मधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांना खास संधी देतात, तशी घोषणा झाली की मुदत थोडी असते. त्यासाठी आजच तीन कागद शोधून ठेवा: सगळ्या गुणपत्रिका, पात्रता क्रमांक, आणि शेवटच्या परीक्षेचं हॉल तिकीट. संधी नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात आधीच्या वर्षांचं काय धरलं जाईल ते अभ्यास केंद्रावर विचारा. तुमचे क्रेडिट नव्हे, जुने गुण आहेत, त्यामुळे सगळं जमेस धरलं जाईलच असं समजू नका.

मुलानं दोन सत्रं निकाल लपवला. आता खोलीतून बाहेर येत नाही. (आई, बिबवेवाडी)

या आठवड्यात कॉलेज, फी, क्रेडिट यातलं काही काढू नका. जेवतो का, झोपतो का, एकटा असतो का, एवढं बघा. 'मरून जावंसं वाटतं का?' असं सरळ विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती चुकीची आहे, विचारा. उत्तर 'हो' किंवा गप्प असं असेल तर एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तुम्हीही फोन करू शकता, मुलानंच करायला हवा असं नाही.

तो बोलायला लागला की गुणपत्रिका त्याच्यासमोर ठेवून त्यालाच क्रेडिट मोजायला सांगा. कॉलेजात त्याच्याबरोबर जा, त्याच्याऐवजी नको. वर्गशिक्षकांना आधी फोन करून वेळ घ्या, आणि जाण्यापूर्वी बॅकलॉगच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारून ठेवा. विलंब शुल्कासह आणखी काही दिवस मिळतात, ते बहुतेकांना ठाऊक नसतं.